वाघ दाखवता, मग पवनीचा स्तूप काहून नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमचं गाव पवनी तालुक्यात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याकडं जाणाऱ्या गाड्या आमच्याच रस्त्यानं जातात. जय नावाचा वाघ होता, 2016 मध्ये गायब झाला, त्याच्यापायी पुण्या-मुंबईचे लोक इकडं यायला लागले अन अजूनही येतात. सकाळची सफारी झाली की नाश्ता करून लोक एकतर रिसॉर्टवर झोपतात नाहीतर थेट नागपूर गाठतात. इथं जवळच दोन हजार वर्षांहून जुनं शहर आहे हे त्यांना कोणी सांगतच नाही, अन सांगणार तरी कोण?

पवनीच्या तीन बाजूंनी खंदक अन मातीचा तट, एका बाजूनं वैनगंगा. देवळं अन घाट इतके की विदर्भाची काशी म्हणतात. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ अन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं मिळून जगन्नाथ टेकडीवर खोदकाम केलं तेव्हा विटांचा मोठा बौद्ध स्तूप निघाला, भोवतीच्या दगडी कठड्याचे कोरीव खांब निघाले, त्यांच्यावर दान देणाऱ्या साध्यासुध्या माणसांची नावं जुन्या ब्राह्मी लिपीत कोरलेली. एका खांबावर मुचलिंद नाग आहे, बौद्ध कथेत बुद्धावर फणा धरणारा तो नाग, फणा काढलेला, खाली त्याचं नावही लिहिलेलं. म्हणजे ज्या काळात सांचीचा स्तूप सजत होता त्याच काळात आपल्या वैनगंगेकाठीही तसंच काम चालू होतं! पण वस्तू बऱ्याचशा नागपूरच्या संग्रहालयांत गेल्या. टेकडीवर गेलं तर विटांचे थर, गाजरगवत अन वारा. परवा चहाच्या टपरीवर एक बाई लेकराला घेऊन विचारत होत्या, इथं पाहायला काय आहे, तर टपरीवाल्या भाऊनं त्यांना गोसेखुर्द धरणाचा रस्ता दाखवला. धरणही पाहावं, पण त्या माउली टेकडीच्या बाजूनंच गेल्या अन त्यांना पत्ताच नाही.

जंगलात मात्र बघा, गाईडशिवाय जिप्सी आत सोडत नाहीत. हे गाईड आसपासच्या गावांतलेच पोट्टे-पोट्ट्या, ट्रेनिंग दिलेले, पंजाचा ठसा पाहून वाघ की वाघीण ते सांगतात, सांबर ओरडलं की गाडी थांबवतात. त्यांच्यामुळं माणूस वाघ नाही दिसला तरी काहीतरी घेऊन जातो. हीच पद्धत पुराणवास्तूंना लावायला काय हरकत आहे? पावसाळ्यात सफारी बंद असते, गाईडांच्या हाताला काम नसतं, त्याच दिवसांत त्यांना पवनीचा इतिहास शिकवा, नागपूरला नेऊन ते खांब डोळ्यांनी दाखवा. सफारीच्या बुकिंगसोबत दुपारची पवनी फेरी ठेवा, फी थेट गाईडच्या हातात द्या. अन टेकडीवर मराठीत मोठा बोर्ड लावा ज्याच्यावर त्या नागाचा, कोरीव खांबांचा फोटो असेल, म्हणजे समोरच्या विटांवर काय उभं होतं ते माणसाला समजेल.

हे फक्त पवनीचं नाही. ताडोब्याला जाणारे भद्रावतीवरून जातात पण विजासन लेण्यांतले बुद्ध कितीजण पाहतात? पेंचवाल्यांना रामटेकजवळचं मनसर अन नगरधन कोण दाखवतं, नगरधन तर वाकाटक राजांची राजधानी होती. चंद्रपुरात तर इको-प्रो नावाच्या पर्यावरण संस्थेच्या पोरांनी गोंडकालीन किल्ल्याचा तट स्वतः साफ केला, 2017 ला मन की बातमध्ये त्याचा उल्लेख झाला. म्हणजे पोरं कमी पडत नाहीत, त्यांना घडी बसवून देणारं कोणी पाहिजे.

संबंधित खात्याला अर्ज दिला होता, उत्तर आलं नाही, म्हणून आपल्या पेपरातून लिहितो. वन, पुरातत्त्व अन पर्यटन तिघांनी एकदा पवनीत बसून बैठक घ्यावी. आमच्या गावातले बारावी-बीए झालेले पोट्टे-पोट्ट्या शिकायला तयार आहेत, नावांची यादी केलेली आहे, मागाल त्या दिवशी देतो.

आपला नियमित वाचक,
ता. पवनी, जि. भंडारा