पहिल्या सामन्याआधी, पुण्याहून

पुणे, सोमवार रात्र

चिरंजीव राजास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या शुक्रवारी शाळेच्या मुख्य अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्ले सांगून पास टाकणारा खेळाडू, म्हणून तू पहिल्यांदा मैदानात उतरशील, आणि आजीच्या शस्त्रक्रियेमुळे मी ह्यूस्टनला नसेन, याची रुखरुख मला गेले आठ दिवस लागून राहिली आहे. जेवणाच्या टेबलावर बसून मी तुझी प्लेची, म्हणजे ठरवलेल्या चालींची, कार्डे विचारत असे, ते काम आता बाबांकडे सोपवले आहे. पण काही गोष्टी मीच सांगाव्यात असे वाटले, म्हणून हे पत्र.

काल आजीला तुझ्या कार्डांविषयी सांगितले तेव्हा तिने विचारले, "क्रमाने विचारतेस की मधूनच?" लहानपणी ती माझे पाढे असेच घेत असे. सतराचा पाढा मी घडाघडा म्हणून दाखवला की ती लगेच "सतरा साते?" असे विचारी, आणि तिथे अडखळले तर तो पाढा आला असे ती मानतच नसे. तुझ्या प्लेचेही तसेच आहे. रचना, कोणी आधी जागा बदलायची ते, ब्लॉकिंग, पास झेलणाऱ्या रिसीव्हरांचे मार्ग आणि स्नॅपची, म्हणजे चेंडू मागे तुझ्या हाती देण्याची, खूण असे सगळे एका दमात म्हणून दाखवणे तुला जमते. मार्गांचे शून्य ते नऊ आकडे तर तू दोन दिवसांत पाठ केलेस, कारण सम आकडे आत वळतात आणि विषम बाहेर, हे सूत्र तुझे तूच मला समजावले होतेस. पण पाकिटाच्या पाठीवर प्ले काढताना तू नेहमी रिसीव्हरांपासून सुरुवात करतोस आणि तुझ्याजवळ मागे उभा राहणारा रनिंग बॅक शेवटी आठवतो. पुढच्या लाइनचे पाच आणि तो सहावा, एवढेच तुझ्या रक्षणाला असतात; समोरून सात जण धावून आले तर सातव्याला अडवायला कोणीच उरत नाही, आणि तो अंगावर येण्याआधी चेंडू कोणाकडे सुटायचा हे तुला स्नॅपपूर्वीच ठाऊक असावे लागते. म्हणून या आठवड्यात प्रत्येक प्ले रनिंग बॅकपासून काढ.

ऑगस्टच्या सराव सामन्यात चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला, तेव्हा गाडीत तू पुन्हा पुन्हा म्हणालास की कॉल अगदी बरोबर दिला होता. तो बरोबरच होता, राजा. पण स्नॅपआधी त्यांचे दोन्ही सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, मागे उभे होते आणि स्नॅप होताच त्यांतला एक धावत पुढे येऊन, तू मोकळी समजलेल्या मधल्या जागेत उभा राहिला; तुझी नजर मात्र पहिल्या रिसीव्हरवरच खिळलेली होती. चित्रफीत पाहताना चेंडू कुठे गेला हे नंतर पाहा. आधी स्नॅपपाशी थांबव, सेफ्टी कुठे आहेत ते मोठ्याने सांग, मग एक सेकंद पुढे जा आणि तेच पुन्हा सांग.

पेटन मॅनिंगसारख्या नामवंत क्वार्टरबॅकनेही 1998 मध्ये, पहिल्याच व्यावसायिक हंगामात, 28 इंटरसेप्शन दिली होती, म्हणजे तितके पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले होते, आणि त्याच्या संघाला 16 पैकी 3 सामनेच जिंकता आले. पुढच्या वर्षी त्याच संघाने 13 जिंकले. पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅकलाही 2017 मध्ये हंगामाचा शेवटचा सामना येईपर्यंत सुरुवातीपासून खेळायला मिळाले नाही. वर्षभर तो संघाचा मुख्य क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ याची तयारी जवळून पाहत होता, आणि 2018 मध्ये महोम्सने 50 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले. गेले वर्ष बाकावर बसून काढावे लागल्याचे तुला फार लागले होते, हे मी विसरलेले नाही. पण वरच्या वर्गातला क्वार्टरबॅक हडलमध्ये, प्ले सांगायला जमलेल्या घोळक्यात, कसा बोलतो, हे तू तिथूनच शिकलास.

प्रशिक्षकांनी सुरुवातीच्या प्लेची यादी आधीच दिली आहे, हे ऐकून मला फार बरे वाटले. नामवंत प्रशिक्षक बिल वॉल्श हेच करत असत. शांत डोक्याने आदल्या दिवशी ठरवलेले प्ले नवख्या मुलाला धीर देतात, आणि समोरचा संघ कोणत्या रचनेला कसे उत्तर देतो हेही त्यातून कळते. तेवढे प्ले तरी झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. दोन प्लेमध्ये 40 सेकंद मिळतात, पण खूण पाहणे, हडलमध्ये सांगणे आणि रांगेत उभे राहणे यांत त्यांतले बरेच जातात. समोरची रचना वाचायला हाती फारच थोडे उरतात. म्हणून बाबांना मिक्सर सुरू ठेवून कार्डे विचारायला सांगितले आहे. त्या आवाजात शेवटच्या खुर्चीपर्यंत तुझा कॉल स्पष्ट पोचला पाहिजे.

गुरुवारी रात्री तिसऱ्या डाउनची, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाची, कार्डे पिसून घ्या आणि दहाच्या आत झोप. तुझे सात वाजतील तेव्हा इथे शनिवारची पहाटे साडेपाचची वेळ असेल. आजीने आत्ताच गजर लावायला सांगितले आहे. बाबांना फोन सेफ्टी दिसतील असा धरायला सांग.

तुझी,
आई