‘घरी बघायलाच घेतलंय’ कुठपर्यंत चालतं?

महोदय,

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या एखाद्या मोबाइल दुकानाच्या काचेवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ ही चिठ्ठी अजून दिसते. चिपमध्ये आठ-दहा पिक्चर टाकून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं म्हणणं ठरलेलं असतं: घरी बघायलाच घेतलंय, विकायला थोडंच? त्याला कसली धास्ती नसते. पैसे मोजून घेतलेली जुनी डीव्हीडी खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणारा मात्र दबक्या आवाजात विचारतो, हे चालतं का? कारण डिस्क लावली की आधी शिक्षेचीच पाटी येते. दोघांचाही हिशेब चुकलेला आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे चित्रपटाची प्रत काढण्याचा आणि तो इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचा हक्क हक्कधारकाचा. पण कलम ५२ मध्ये अपवादांची लांबलचक यादी आहे आणि तिची सुरुवातच खासगी किंवा वैयक्तिक कामासाठी केलेल्या रास्त वापराने होते. २०१२ पर्यंत हा अपवाद साहित्य, नाटक, संगीत आणि चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींपुरता होता, चित्रपट त्यात बसत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने तिथे संगणक प्रोग्रॅम सोडून ‘कोणतीही कृती’ आली. या कामासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण केली तर तो हक्कभंग नाही, हेही स्पष्टीकरणात घातलं गेलं. जुने लेख वाचून किंवा अमेरिकेतले नियम ऐकून बोलणारे इथेच घसरतात.

‘रास्त’ म्हणजे किती, याची व्याख्या कायद्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकाच्या वादात तीन गोष्टी तपासल्या: मूळ कृतीतलं किती आणि कोणतं घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होण्याचा संभव आहे का. अख्खा पिक्चर उतरवला की पहिल्या प्रश्नावर आपली बाजू लंगडीच. म्हणून उरलेल्या दोन्हींवर ती पक्की हवी. डिस्क स्वतः विकत घेतलेली असावी, प्रत घराबाहेर जाऊ नये, मूळ डिस्क कपाटात राहावी. डिस्क विकली किंवा देऊन टाकली, तर हार्ड डिस्कवरची प्रतही पुसायची. ‘डिस्क मेहुण्याला, प्रत मला’ ही एका पैशात दोन घरांची सोय झाली. तिला रास्त म्हणता येणार नाही.

डिस्क अस्सल आहे का, हेही बघायला हवं. कलम ५२अ प्रमाणे वेष्टनावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची नक्कल आणि ती प्रत काढणाऱ्याचं व हक्कधारकाचं नाव-पत्ता लागतो. खालची बाजू चांदीसारखी पांढरी असेल तर डिस्क बहुधा कारखान्यात ठशाने काढलेली. जांभळट किंवा हिरवट झाक असेल तर ती कोरी डिस्क आणून कुणीतरी कॉम्प्युटरवर भरलेली. चोरीच्या डिस्कवरून काढलेली प्रत घरात ठेवल्याने सोवळी होत नाही.

उतरवण्याचं काम अवघड नाही, घाईनं बिघडतं. व्हीसीडीला प्रत काढण्यापासून अडवणारं कुलूप नसतं. ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइल असते, मिनिटाला साधारण १० एमबी. ती सरळ कॉपी करायची. मध्येच ‘सायक्लिक रिडन्डन्सी’ची, म्हणजे मजकूर नीट वाचता न आल्याची सूचना येऊन काम अडलं तर डिस्क बाद झाली असं समजू नये. व्हीसीडीत चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. त्यामुळे जो ओरखडा प्लेअर एक झटका खाऊन ओलांडतो, त्याच ओरखड्यावर कॉम्प्युटर अख्खी कॉपी सोडून देतो. डिस्क मऊ सुती फडक्याने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसताना उठलेला ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि सलग मजकूर खातो. तरीही अडलं तर वेग कमी करून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघावं. ड्राइव्हगणिक वाचायची ताकद वेगळी असते. डीव्हीडी एका थराची असली तर ४.७ जीबी, दोन थरांची असली तर ८.५ जीबी. एकच फाइल ४ जीबीच्या वर गेली की फॅट३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह जागा रिकामी असूनही ती घेत नाही. लोक पेन ड्राइव्ह बदलून आणतात. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं, फक्त आधीचं सगळं पुसलं जातं.

बाजारातल्या डीव्हीडीला बहुधा कुलूप असतं आणि इथे कलम ६५अ येतं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळा भार ‘हेतू’ या शब्दावर आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही. मात्र ते काम तुम्हाला दुसऱ्याने करून दिलं, तर त्याने तुमचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असं त्याच कलमात म्हटलं आहे. अशी वही किती दुकानांत सापडेल? गिऱ्हाइकाने स्वतःची डिस्क आणली आणि वहीत नोंद झाली, तर दुकानदाराला निदान तोंड उघडायला जागा आहे. स्वतःच्या हार्ड डिस्कवरचे पिक्चर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चिपमध्ये ओतणाऱ्याला ती नाही, कारण वापर गिऱ्हाइकाचा वैयक्तिक असला तरी दुकानदाराचा तो धंदा आहे.

दुकानांना निर्धोक काम हवंच असेल तर ते घरोघरच्या ट्रंकांत पडलं आहे: लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी. कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन ज्याने चित्रीकरण करवून घेतलं तोच, उलट करार नसेल तर, त्याचा पहिला मालक. व्हिडिओवाला नव्हे. तेव्हा या कॅसेटच्या हव्या तितक्या प्रती काढा. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, त्यात कुणाची घाई चालत नाही. व्हीसीआरची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. मध्ये यूएसबी कॅप्चर कार्ड. सेकंदाला ६ मेगाबिटचा वेग ठेवला तर तासाला सुमारे २.७ जीबी जागा लागते. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच मशीनमध्ये घालू नये. हेड चोंदतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. बाकीच्या कॅसेटी आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे नेल्या की रिळाचा ताण सारखा होतो. वरातीच्या दृश्यांवर मागाहून चढवलेल्या सिनेमाच्या गाण्यांचा हक्क मात्र वेगळा. घरी बघायला कुणाची ना नाही, यूट्यूबवर टाकलं की हरकत येऊ शकते.

आता ‘नुसतं डाउनलोड केलं’ म्हणणाऱ्यांविषयी. टॉरेंटवर फाइल उतरत असतानाच तिचे उतरलेले तुकडे तुमचा कॉम्प्युटर इतरांना पाठवत असतो. ती यंत्रणा चालतेच तशी. म्हणजे बघायला बसण्याआधीच तुम्ही वाटप सुरू केलेलं असतं. टेलिग्रामच्या ग्रुपवर फाइल पुढे ढकलणं हेही वाटपच.

गणपतीत चौकात पडदा लावून पिक्चर दाखवणारी मंडळं ‘तिकीट कुठे लावलंय?’ असं विचारतात. तिकिटाचा प्रश्नच नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पेन ड्राइव्हवर चालणारा पिक्चरही त्यातलाच. वैयक्तिक वापर घराच्या उंबऱ्याशी संपतो. शाळेला मात्र सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर चित्रपट दाखवता येतो. जिल्हा परिषदेच्या शाळांनी याचा फायदा जरूर घ्यावा. गावच्या सार्वजनिक वाचनालयाने रीतसर घेतलेली डिस्क नफ्याशिवाय वाचकांना घरी दिली, तर तेही व्यापारी भाड्यात मोडत नाही.

शिक्षेचं थोडक्यात. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून ती कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. थिएटरात मोबाइलने पिक्चर चोरून टिपला तर २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीप्रमाणे दंड ३ लाखांपासून सुरू होतो. शिवाय गोदाकाठच्या लोकांना वाळूमुळे पाठ झालेला एमपीडीए, म्हणजे धोकादायक माणसांना खटल्याआधीच स्थानबद्ध करायचा राज्याचा कायदा, आहेच. त्यात वाळू तस्करांच्या शेजारी ‘व्हिडिओ पायरेट्स’ बसवलेले आहेत, आणि ते वाळूवाल्यांच्याही आधीपासून तिथे आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो: या प्रतीसाठी निर्मात्याला एकदा तरी पैसे मिळाले का? मिळाले असतील तर स्वतःच्या डिस्कची प्रत काढणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. मिळाले नसतील तर ‘आमच्या गावात थिएटरच नाही’ ही तक्रार खरी असूनही ती सबब होत नाही. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेला पिक्चर मुदतीत बघण्यापुरता दिलेला असतो. तो दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपून कायमचा ठेवणं म्हणजे भाड्याची सायकल घरी बांधून ठेवणं. पण निर्मात्यांनीही डिस्क काढणं जवळजवळ बंद केलं आहे. पैसे देऊन कायमची प्रत घ्यायला तयार असलेल्या माणसाला आज बहुतेक मराठी चित्रपट तसे मिळतच नाहीत, आणि याचा दोष प्रेक्षकाच्या माथी मारणं बरोबर नाही.

जुन्या चित्रपटांच्या शौकिनांसाठी शेवटचं. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० सालच्या चित्रपटाचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्यातल्या गीतांचा आणि संगीताचा हक्क मात्र कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे पिक्चर मोकळा झाला तरी गाणी अडकलेली असू शकतात.

आपला,
एक वाचक, परभणी