दुखत नाही म्हणून बरी आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील दातांच्या कॅपविषयीचा लेख वाचला. लेखाची भाषा सोपी आहे आणि रूट कॅनालविषयी लोकांच्या मनात असलेली अनाठायी भीती घालवण्याचे काम त्याने उत्तम केले आहे, हे आधीच मान्य करतो. मात्र एकदा कॅप बसली की त्या दाताची चिंता मिटली, पुढे कधी दुखलेच तर दंतवैद्याला दाखवावे, असा जो दिलासा लेखाच्या शेवटी दिला आहे, तो वाचताना माझी जीभ आपोआप खालच्या उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे गेली. त्या जागी माझी रूट कॅनाल करून कॅप बसवलेली दाढ आठ वर्षे होती. ती एकदाही दुखली नाही.

दुखणार तरी कशी? रूट कॅनाल करताना दाताच्या आतली नसच काढून टाकलेली असते. त्यानंतर कीड कितीही खोल गेली तरी त्या दाढेला थंड-गरम झोंबत नाही की रात्री कळ लागत नाही. म्हणजे लेखकमहाशय ज्या इशाऱ्याची वाट पाहायला सांगतात, तो देणारी सोयच आपण पैसे मोजून बंद करून घेतलेली असते. दारावरची घंटा काढून ठेवायची आणि कोणी आले तर घंटा वाजेलच म्हणून घरात निवांत बसायचे, त्यातलाच हा प्रकार आहे.

माझ्या बाबतीत इशारे मिळालेच नाहीत असे नाही. ते फक्त दुखण्याच्या रूपात आले नाहीत. त्या बाजूने अधूनमधून कुबट चव येत असे, हिरडीतून थोडे रक्त येई आणि शेवटच्या वर्षी घास नेमका कॅपच्या कडेपाशी अडकू लागला होता. मी या सगळ्याचे खापर वयावर फोडले. मग एके रात्री चूळ भरताना कॅप बेसिनमध्ये पडली. ती बसवल्या दिवशी होती तितकीच चकचकीत होती. तिच्या आत मात्र भिजून कुजलेल्या लाकडासारखा तपकिरी भुगा होता, आणि तो भुगा म्हणजे माझी दाढ होती.

कॅप पुन्हा चिकटवून द्या, एवढीच माझी अपेक्षा होती. डॉक्टरांनी समजावले की कॅपला धरून राहायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उभा असावा लागतो, आणि माझ्याकडे तेवढा शिल्लक नव्हता. दाढ काढावी लागली. मधल्या काळात दोनदा एक्स-रे काढला होता, त्यात हे कसे दिसले नाही, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. तेव्हा कळले की धातू किंवा झिर्कोनियाची कॅप एक्स-रेमध्ये पांढराशुभ्र ठिपका होऊन उमटते आणि तिच्याआड काय चालले आहे ते झाकून टाकते. शेजारच्या दाताकडची कड त्यात दिसू शकते, पण गालाकडच्या बाजूची कीड सहज निसटते. तेथे टोकदार सळईने कड चाचपूनच पाहावे लागते. माझी कीड गालाकडूनच शिरली होती.

कॅप किडत नाही हे लेखातील विधान खरेच आहे. पण ते अर्धे आहे. किडतो तो कॅपच्या कडेखालचा दात. कॅप आणि दात जिथे भेटतात तिथे सिमेंटचा बारीक सांधा असतो. तो झिजला किंवा कॅप मुळातच नीट बसलेली नसली, की तेथे जंतूंचा थर साचतो आणि त्यांचे आम्ल दाताला पोखरू लागते. वयाबरोबर हिरडी खाली सरकली तर मूळ उघडे पडते, आणि मुळावर इनॅमलचे कवच नसल्यामुळे ते सौम्य आम्लानेही विरघळते. त्यात तोंड कोरडे पडत असेल तर लाळेचे संरक्षणही उणावते. मी कित्येक वर्षे ॲलर्जीची गोळी घेत होतो आणि तिने तोंडाला कोरड पडत असे. हे मी दातांच्या डॉक्टरांना कधी सांगितले नाही आणि त्यांनीही कधी विचारले नाही.

दोनदा ब्रश करणारा माणूस म्हणून मला स्वतःचा फार अभिमान होता. आता लक्षात येते की मी आठ वर्षे मन लावून कॅपचा माथाच घासत होतो, म्हणजे जिथे काहीच होण्यासारखे नव्हते ती जागा. ब्रश तिरका धरून हिरडीच्या रेषेवर फिरवणे, दातांच्या फटींत फ्लॉस किंवा बारीक ब्रश घालणे आणि फ्लोराइडची पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ न भरणे, या तीन गोष्टींना लेखात तीन ओळी मिळाल्या असत्या तरी पुरे होते. जागा नव्हती म्हणावे, तर शेजारी अर्धे पान अडवणारे चित्र आहे. त्या चित्रात कॅप घातलेली दाढ हिरडीविना अधांतरी तरंगते आहे, म्हणजे जिथे घात होतो नेमकी तीच जागा चित्रकाराने वगळली आहे.

माझ्या डावीकडच्या वरच्या दाढेवरही कॅप आहे. तीही अजिबात दुखत नाही, म्हणूनच येत्या सोमवारी ती तपासून घेणार आहे.

माझ्या मागच्या पत्रातील मुद्द्याचेच वाक्य आपण जागेअभावी गाळले होते. या वेळी काही गाळायचेच असेल, तर सुरुवातीचे स्तुतीचे वाक्य खुशाल गाळावे.

आपला,
एक नियमित वाचक