प्रत्येक कृतिसंशोधन यशस्वीच कसं होतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेते, नोकरी सांभाळून बी.एड. केलं. त्यातल्या कृतिसंशोधनाबद्दल बरेच दिवस मनात आहे ते लिहिते.

कृतिसंशोधनाची कल्पना मांडणारे कर्ट लेविन १९४६, ती शाळेत आणणारे स्टीफन कोरी १९५३, ही नावं आणि सालं आम्ही परीक्षेपुरती पाठ केली. शिक्षकाने आपल्याच वर्गातला प्रश्न घेऊन आपणच शोध घ्यावा, हे कोरींचं म्हणणं. पण प्रत्यक्षात काय होतं, सीनियरची जुनी फाइल मिळते, विषय बदलायचा, आकडे बदलायचे, टायपिंगवाल्याकडे द्यायचं, बाइंडिंग करायचं, सबमिशन झालं. मी आकडे खरे घेतले होते, पण पद्धत तीच. सगळ्यात कमी मार्क पडलेली १० मुलं निवडायची, महिनाभर उपक्रम घ्यायचा, परत तोच पेपर द्यायचा. मार्क वाढतातच! कारण पेपर ओळखीचा झालेला असतो, रोजचं शिकवणंही चालूच असतं, आणि पहिल्या चाचणीच्या दिवशी कुणाला ताप असतो, कुणी उपाशी आलेलं असतं, अशी मुलं त्या खालच्या १० मध्ये हमखास सापडतात आणि पुढच्या वेळी वेगळं काही न शिकवताही थोडी वर येतात. हे मला कुणी शिकवलंच नाही. टी मूल्य (दोन चाचण्यांच्या मार्कांतला फरक तपासणारा आकडा) ०.०५ स्तरावर सार्थक, शून्य परिकल्पनेचा, म्हणजे उपक्रमाने काहीच फरक पडत नाही या गृहीतकाचा, त्याग, एवढं लिहिलं की झालं. त्या ०.०५ चा अर्थ एवढाच की उपक्रमाचा काहीच परिणाम नसता, तर नुसत्या योगायोगाने एवढा फरक १०० पैकी ५ पेक्षा कमी वेळा दिसला असता. फरक उपक्रमामुळेच पडला असं तो आकडा सांगत नाही, त्यासाठी उपक्रम न घेतलेला, तशाच मुलांचा दुसरा गट लागतो.

माझा विषय होता हातच्याची वजाबाकी. अहवाल देऊन झाल्यावर एक दिवस सहज जुने पेपर चाळत होते, तर एका मुलीने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलेलं. तिला जवळ बोलावलं, म्हटलं असं कसं आलं सांग बरं. म्हणाली, "बाई, दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन गेले पाच." चूक होती पण तिच्या डोक्यात नियम पक्का होता! मग वर्गातले २३ च्या २३ पेपर काढून बसले तर ९ जणांनी नेमकं हेच केलेलं. मी महिनाभर काड्यांचे गठ्ठे दाखवत होते आणि हे माझ्या अहवालात कुठेच नव्हतं, कारण मी फक्त मार्क मांडले होते, उत्तरं बघितलीच नव्हती. परत बसले त्या ९ जणांबरोबर, गठ्ठा त्यांच्याच हाताने सोडायला लावला, ६ जणांना जमलं, ३ जणांना नाही. त्यातल्या एकाला विचारलं ५२ मधले ५ म्हणजे किती, तर त्याने ५ सुट्या काड्या मांडल्या. म्हणजे अडचण वजाबाकीच्या बरीच आधीची.

मुलांना वाचन आणि गणित कितपत येतं हे बघणाऱ्या असरच्या सर्वेक्षणात कार्यकर्ते घरी जाऊन एकेका मुलाजवळ बसतात, त्याला वाचायला देतात, हातच्याची वजाबाकी करायला देतात, कुठपर्यंत जमतं ते बघून नोंद करतात. एका मुलाजवळ असं बसायला बी.एड.च्या दोन वर्षांत एकदाही सांगितलं गेलं नाही याचं मला खूप वाईट वाटतं.

विद्यापीठांना आणि अध्यापक महाविद्यालयांना मनापासून विनंती आहे, बाइंडिंग केलेल्या प्रतीला मार्क देण्याआधी मुलांचे मूळ पेपर मागा, वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यातला एक उचलून विचारा की या मुलाने असं का लिहिलं असेल. आणि उपक्रमाने फरक पडला नाही असं कुणी प्रामाणिकपणे लिहिलं तर त्याचे मार्क कापू नका, मार्क कापले जातील या भीतीनेच सगळे अहवाल यशस्वी होतात. माझे ते २३ पेपर अजून शाळेच्या कपाटात आहेत, तेव्हा ते कुणी मागितले नव्हते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड