विषय: पलंगासोबत घरी आलेला भुंगेरा आणि ‘वाळवी आहे’ म्हणून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे आहेच, दर फोनला मीच तो म्हणून दाखवलाय. पलंग तोच, आंब्याच्या लाकडाचा, अक्रोडी पॉलिशचा, खाली ड्रॉवरवाला. ‘सीझन केलेलं, कीडरोधक प्रक्रिया केलेलं अस्सल लाकूड’ अशी ज्याची जाहिरात करता तो.

डोक्याकडच्या डाव्या पायाखाली रोज सकाळी पिठाचा ढीग असतो. बोटांत चोळला तर पावडरसारखा मऊ लागतो, खरखर अजिबात नाही. पायावर टिचकी मारली की भोकांतून आणखी गळतो. भोकं गोल, टाचणीच्या डोक्याएवढी, कडा स्वच्छ. फोटो, व्हिडिओ सगळं पाठवलं. उत्तर आलं की ही वाळवी आहे आणि वाळवी वॉरंटीत बसत नाही.

ही वाळवी नाही. आपल्याकडची नेहमीची वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत येते, असं पीठ पाडत नाही. हा लाकडातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, खाणारा भुंगेरा आहे, आणि आंब्याचं लाकूड त्याला फार आवडतं हे लाकडाचा धंदा करणाऱ्यांना मी सांगायला नको. मादी उघड्या लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते. पॉलिशने छिद्रं बुजली की तिला तिथे जागा राहत नाही. तुमच्या पलंगाला पायांच्या तळापर्यंत पॉलिश आहे, तेवढं काम चोख केलंत. म्हणजे अंडी पॉलिशच्या आधीची. म्हणजे तुमच्याकडची. अळी आत महिनोन् महिने पोखरत बसते आणि भुंगेरा होऊन पॉलिश फोडून बाहेर येते, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला कळतं.

आमच्याकडे आंब्याच्या कोयीत भुंगा निघाला तर कुठलाही बागायतदार ‘तुमच्या फ्रिजमध्ये शिरला असेल’ असं म्हणत नाही. अंडं कोवळ्या फळावर घातलेलं असतं, अळी कोयीत शिरते, वरची खूण भरून येते आणि फळ दिसायला देखणं राहतं. 2007 साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं तेही अशाच किडीपायी आधी विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, करून घ्यायच्या अटीवर, आणि लासलगावला ते करून आंबा गेला. माल आतून किडका नाही हे विकणाऱ्याने दाखवायचं असतं.

आता आजचा फोन. तो रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा जरूर ऐका.

तुमच्या ‘वरिष्ठ’ अधिकाऱ्यांनी विचारलं, “मॅडम, बेडरूमला लागून किचन आहे का?” म्हटलं, आहे. “मग तांदळातले किडे लाकडात गेले असणार. तांदूळ उन्हात घाला.” मी सांगितलं की तांदळातला सोंडकिडा लाकूड खात नाही. थोडा वेळ शांतता. कुणाला तरी विचारत असतील. मग, “तुम्ही पलंगाखाली झाडू किती दिवसांनी मारता?” मी म्हटलं, रोज, तुमचं पीठ भरायला. त्यावर एक सुस्कारा आणि, “तुम्हाला हे टेक्निकल समजणार नाही मॅडम. घरात कुणी जेंट्स असतील तर त्यांना फोन द्या.”

बाग माझी आहे. आंब्याच्या खोडातला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, तारेच्या आकड्याने ओढून काढायचा, भोकात औषधाचा बोळा सारायचा आणि चिखलाने लिंपायचं, हे मी शाळेत असल्यापासून करते आहे. घरातले ‘जेंट्स’ झुरळाला घाबरतात. द्यायचा होता का त्यांना फोन?

त्याआधी तुमचा माणूस येऊन गेला. त्याने भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर कसलासा फवारा मारला, माझी सही घेतली आणि ‘समस्या सुटली’ असा मेसेज तुमच्याकडून मला आला. लांबीच्या शेजारीच नवी भोकं पडली. पीठही चालूच. आणि पुन्हा सांगते, ही वाळवी नाही.

परदेशी जाणाऱ्या मालाच्या खोक्यांचं लाकूड उष्णतेने निर्जंतुक करायचं तर गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवतात. खोकं ते, माल काढला की फेकायचं! लाकडाला कीड लागू नये म्हणून द्यायचं बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं द्रावणही काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. लाकूड टिकवण्यासाठी आयएस 401 हे भारतीय मानक आहे. माझ्या पलंगाच्या लाकडावर नेमकी कोणती प्रक्रिया, कधी आणि कुठे केलीत, ते लेखी कळवा. ‘प्रक्रिया केलेलं’ हा शब्द नुसता किंमत वाढवायला घातला असेल तर तसंही लिहा, मला चालेल.

पलंग घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा, वाहतूक आणि जोडणीसकट. बदली पलंग नको, त्याच गोदामातून येणार. शेजारी माझं सागाचं जुनं कपाट आहे. गाभ्याचं लाकूड म्हणून त्याला धक्का नाही, पण दाराच्या पट्ट्या पांढऱ्या, म्हणजे सालीलगतच्या, लाकडाच्या आहेत आणि ते हा भुंगेरा खातो. तिथे एक जरी भोक दिसलं तरी त्याचंही बिल तुम्हालाच लावीन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पिठाची बरणी भरून ठेवली आहे, पुरावा म्हणून हजर करीन. माझ्या सांगण्यावरून बहिणीनेही तुमच्याकडेच नोंदणी केली होती. ती मी काल रद्द करायला लावली.

आणि माफीदाखल सवलतीचं कूपन पाठवू नका. मागचं आलं होतं ते जेवणाच्या टेबलाचं, तेही आंब्याच्याच लाकडाचं.

एक बागायतदार ग्राहक
रत्नागिरी