‘ज्ञात’ हा शब्द हवाच

‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ हा आपल्या पुरवणीतील मथळा खटकला. (मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही नि:शेष भाग न जाणारी, १ पेक्षा मोठी पूर्ण संख्या.) २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी संख्या ‘ज्ञात’ मूळ संख्यांत सर्वांत मोठी आहे, एवढेच. मूळ संख्यांना अंत नाही, हे ग्रीक गणितज्ञ युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले. कितीही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवा; उत्तराला त्यांपैकी एकीनेही नि:शेष भाग जात नाही, म्हणजे यादीबाहेरची एखादी मूळ संख्या असतेच. २, ३, ५, ७, ११, १३ घेतले तर ३००३१ येतात; त्याचे अवयव ५९ आणि ५०९, दोन्ही यादीबाहेरचे! सातवीतली मुलेही हे वहीत ताडून पाहू शकतात. मथळा वाचून त्यांना शोध संपल्यासारखे वाटू नये, म्हणून दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक गणित शिक्षक, सातारा