इंजेक्शन टोचलेला टोमॅटो आणि आमची डाऊनी

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जीन एडिटिंगच्या भातावर अर्धं पान आलं होतं, वाचून बरं वाटलं पण फोटो बघितला आणि हसूच आलं, लालभडक टोमॅटोला सुई टोचलेली आणि सिरिंजमध्ये निळं औषध. भाताच्या बातमीत टोमॅटो कुठून आला ते सोडा, पण असं इंजेक्शन कुणी कुठंच देत नाही हो. आमच्या गल्लीतले एक आजोबा तो फोटो बघून मला म्हणाले, आता द्राक्षाचे मणी फुगवायला घड औषधात बुडवायच्या डिपिंगऐवजी सुई मारायची का रे? म्हटलं आबा, मणी मणी टोचायला मजूर कुठून आणू?

दुसरं म्हणजे मथळा. तुम्ही छापलं "जीएम तांदूळ आला". जीएम म्हणजे दुसऱ्या जिवाचं जनुक घातलेलं पीक. 4 मे 2025 ला दिल्लीत जे दोन वाण जाहीर झाले, हैदराबादच्या भात संस्थेचा कमला आणि दिल्लीच्या पुसा कृषी संस्थेचा डीएसटी राईस 1, त्यात बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही. कमला म्हणजे आपली जुनी सांबा मसुरीच, फक्त लोंबीत दाणे किती भरायचे यावर ब्रेक लावणारं तिचंच एक जनुक ढिलं केलंय. बीटी कापसाचं तसं नाही, 2002 ला परवानगी मिळाली त्या कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. म्हणून तर 2022 मध्ये केंद्राने अशा एडिटिंगला जीएमच्या लांबलचक परवानग्यांतून मोकळं केलं. कुणाचा विरोध असेल तर असू दे, पण विरोध करायलाही आधी कशाला करतोय ते कळायला नको का? आणि जनुकात बदल म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांनी भुईमुगाची टीएजी 24 आठवावी. ती भाभा अणु केंद्राची, बियाण्याला किरणं देऊन जनुकं कशीही हलवायची आणि त्यातून चांगली झाडं निवडायची, अशा वाणांच्या संकरातून आलेली. आपण शेंगा भाजून खाल्ल्या, कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

पण माझं खरं गाऱ्हाणं वेगळंच आहे, भात कापूस मोहरी यावर सगळ्यांची चर्चा आणि नाशिकच्या पेपरात नाशिकच्या द्राक्षाबद्दल एक ओळ नाही. मी दिंडोरी तालुक्यातला, चार एकर थॉमसन, बिनबियांचं द्राक्ष. मागच्या हंगामात ऑक्टोबर छाटणीपासून माझ्या डायरीत एकट्या डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगावरच्या, 26 फवारण्या आहेत. दिवाळीच्या आसपास तीन दिवस ढगाळ आणि रात्री रिमझिम, सकाळी पान उलटं केलं तर खाली पिठासारखी पांढरी लव आणि वरून तेलकट डाग, दोन दिवसात फुलोऱ्यातल्या घडाची मान तपकिरी पडली आणि बोट लावलं की घड हातात. ट्रॅक्टर रुतत होता म्हणून ब्लोअर गेला नाही, पाठीवर पंप घेऊन मी आणि भाऊ चिखलात फिरलो, तरी एक प्लॉट अर्धा गेला तो गेलाच.

हा रोग मूळचा अमेरिकेचा. तिथल्या जंगली वेली त्याच्यासोबतच वाढल्या म्हणून त्यांना तो फारसा बाधत नाही, आपली थॉमसन दुसऱ्या जातकुळीची, तिची त्याच्याशी कधी गाठच पडलेली नव्हती. बोर्डो मिश्रण 1885 च्या सुमारास फ्रान्समध्ये याच रोगासाठी निघालं आणि आपण अजून मोरचूद चुना कालवतोय. गंमत बघा, आपल्या बागेत जमिनीखाली डॉगरीज खुंट आहे तो अमेरिकन वेलीचाच, पण त्याची ताकद कलमाच्या वर पानात चढत नाही.

मग संकर का करत नाहीत, असं कुणी म्हणेल. करतात की. पुण्याच्या आघारकर संस्थेने कटावबा ही अमेरिकन जात आणि ब्युटी सीडलेस यांचा संकर करून एआरआय 516 काढली, बुरशीला चांगली टिकते, पण ती ज्यूस जॅम वाईनसाठी. संकरात पत्ते पुन्हा पिसले जातात, थॉमसन जशीच्या तशी राहून फक्त डाऊनी सोसेल असा डाव त्यात पडत नाही. आणि व्यापारी तर बागेत उभा राहून मणी मिलिमीटरमध्ये मोजतो, त्याला थॉमसनच पाहिजे.

एडिटिंगचा उपयोग इथे आहे. माझी पुतणी बायोटेकला आहे, तिने समजावलं ते सांगतो. झाडाला रोग लागला की ते सॅलिसिलिक अ‍ॅसिड तयार करून आपली फौज उठवतं, आणि डीएमआर 6 नावाचं एक जनुक ते अ‍ॅसिड मोडून फौज परत झोपवतं. ते बंद केलं की झाड जागं राहतं, टोमॅटोवर हे करून झालंय. पण द्राक्षात एक मेख आहे. भातात जनुक कापणारी कात्री पेशीच्या आत पाठवायला जे बाहेरचं जनुक लागतं ते पुढच्या पिढीच्या बियात गाळून टाकता येतं, थॉमसनला कुठलं बी, आणि बी धरलं तरी ती थॉमसन राहत नाही. म्हणून वेलीपासून तयार केलेल्या पेशींचं कवच काढायचं, त्या उघड्या पेशीत नुसती कात्री सोडायची आणि एका पेशीपासून अख्खी वेल वाढवायची, हे भयंकर किचकट काम. इटलीत व्हेरोना विद्यापीठाशी जोडलेल्या लोकांनी शार्डोने द्राक्षात ते जमवलं, डाऊनीसाठीच, आणि सप्टेंबर 2024 च्या शेवटी पाच वेली शेतात लावल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये कुणीतरी रात्री येऊन त्या तोडून टाकल्या. वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, खरं सांगतो.

आता लगेच उड्या मारू नका हेही सांगतो. आपला माल युरोपला जातो आणि 2018 मध्ये तिथल्या कोर्टाने एडिटिंगलाही जीएमचाच कायदा लावला, 2023 मध्ये तो सैल करायचा प्रस्ताव आला. 2010 ला वेलीची वाढ रोखणाऱ्या सीसीसी औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर कसे अडकले ते इथला एकही बागाईतदार विसरलेला नाही. शिवाय कात्रीची पेटंटं परदेशातल्या विद्यापीठांकडे आणि कंपन्यांकडे, म्हणजे उद्या आपलीच थॉमसन आपल्याला रॉयल्टी भरून घ्यावी लागेल का? आज माझ्या बागेतली काडी शेजारी फुकट नेतो, तेव्हा काय करायचं?

हे प्रश्न तुमच्या बातमीदाराने पुण्याजवळच्या मांजरी गावच्या द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन विचारावेत. आपल्याकडे थॉमसनवर असं काम चाललंय का, चालत असेल तर कुठवर आलंय, नसेल तर अडलंय कुठे, पैसा की माणसं. पाहिजे तर मी बरोबर येतो, फक्त छाटणी उरकू द्या.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक

ता.क. पुढच्या वेळी तो सुईवाला टोमॅटो नको. डाऊनीच्या पानाचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये ढीगभर आहेत, नंबर कळवा, पाठवून देतो.